सातवर आणलेलं पाणी

थंडी पडली की सुरतेत पोंकाचे मांडव लागतात. आपल्याकडचा हुरडाच तो, फक्त इथे त्याचा थाट फार. वाणी जातीची कोवळी ज्वारी, निखाऱ्यावर भाजून झोडलेली, सोबत लिंबू-मिऱ्याची शेव आणि ताकाचा ग्लास. ऑफिस सुटलं की माणसं स्कूटरी आडव्यातिडव्या लावून रांगेत उभी राहतात, आणि आमच्या सोसायटीत भेटेल तो विचारतो, "मास्टर, पोंक खाधो के नहीं?" यंदाही विचारलं. मी म्हटलं, दात दुखतोय. गेली पाच वर्षं माझा दात नेमका पोंकाच्याच दिवसांत दुखतो. खालच्या मजल्यावरचे भाई तर परवा म्हणाले, "मास्टर, आता डॉक्टर तरी बदला!"

दात ठणठणीत आहेत. भाजल्या कणसांचा तो धुरकट गोड वास नाकात गेला की मला तोंडात काही घालवत नाही, बस्स. रांगेतल्या लोकांचाही राग येतो. त्यांनी माझं काय घोडं मारलंय? काही नाही. पण येतो.

मी कलर मास्टर. पलसाण्याकडे हायवेला लागून कापड रंगवायच्या ज्या मिल आहेत, त्यांतल्या एकीत बावीस वर्षं काढली. धुळ्याला केमिस्ट्री घेऊन बीएस्सी झालो, नोकरीमागे इकडे आलो, तो इकडचाच झालो. व्यापारी वीतभर कापडाचा तुकडा टेबलावर टाकतो, "मास्टर, आ शेड जोइए," आणि मी तोच रंग शंभर थानांवर उतरवून देतो. पिवळा चढला तर जांभळ्याने मारायचा, लाल चढला तर हिरव्याने दाबायचा. रंगाच्या खोलीत बिघडलेलं असं काही नसतंच. त्यात अजून काहीतरी टाकायचं बाकी असतं, इतकंच. हे इतकं अंगवळणी पडलं होतं की घरी आमटी खारट झाली तरी मी बायकोला म्हणायचो, घाल की त्यात काहीतरी. ती म्हणायची, तुमची मिल नाही ही.

आता मिलच्या पाण्याचं सांगतो. पॉलिएस्टर मऊ पाडायला ते कॉस्टिक सोड्यात उकळतात, आणि मागे उरतं ते कातडी सोलून काढणारं पाणी. ते साफ करायच्या टाक्या होत्या, नियम होते, भिंतीवर नियमांचा फलकही होता. पण टाकी तुडुंब आणि माल अर्जंट, असं झालं की मागच्या भिंतीजवळचा व्हॉल्व्ह उघडायचा. पाणी थेट खाडीत. खाडी म्हणजे समुद्राची नव्हे, इकडे ओढ्यानाल्यालाच खाडी म्हणतात. व्हॉल्व्ह उघडण्याआधी मी त्या पाण्यात मोजून अ‍ॅसिड घालायचो, ब्लीच टाकून रंग उडवायचो, आणि पीएचच्या कागदाची पट्टी बुडवून बघायचो. पट्टी हिरवी झाली म्हणजे सात. ना आंबट, ना जहाल. सात आला की मी व्हॉल्व्हवाल्याला मान हलवायचो. लाज वाटायची म्हणता? छे! अभिमान वाटायचा. दुसऱ्या मिलवाले लालभडक, वाफाळतं सोडत होते हो. मी सातवर आणून सोडत होतो.

माझी थोरली बहीण आक्का आणि दाजी याच खाडीच्या काठाने चार-पाच मैल खाली राहायचे. दाजींनी लूमवर वीस वर्षं काढली. त्या खडखडाटात त्यांचे कान अर्धे गेले. मग एका मालकाचं शेत त्यांनी भागाने कसायला घेतलं. शेतातच दोन खोल्या, दारात हापशी, मागे शेवग्याचं झाड. लूमवर असताना हा माणूस दिवसाला दहा शब्द बोलत नसे. शेतावर गेल्यावर बैलाशी बोलायचा, कणसांशी बोलायचा, माझ्याशीसुद्धा बोलायचा. आक्का म्हणायची, इतक्या वर्षांनी मला नवरा मिळाला. पावसाळा सरला की ते वाणीची ज्वारी पेरायचे, आणि थंडीत शेताच्या बांधावरच भट्टी लावून पोंक विकायचे. कामरेजपासूनची माणसं गाड्या घेऊन यायची.

एका थंडीची ती संध्याकाळ मला अजून जशीच्या तशी आठवते. भट्टीभोवती आम्ही चौघंच. दाजी राखेत कणसं उलथत होते, आक्का पोत्यात घालून झोडत होती, आणि माझी भाची हर्षा, तेव्हा पर्यावरणाच्या कॉलेजात होती, माझ्याशी हुज्जत घालत होती. तिचं मराठी निम्मं गुजराती.

"मामा, पृथ्वी जिवंत आहे."

"मग? कुणी म्हटलं मेली म्हणून?"

"मस्ती नका करू ना! म्हणजे एका शरीरासारखी चालते. बाहेर कितीही ऊन असू दे, आपल्या अंगाचा ताप ठरलेला असतो ना? तसंच. सूर्य पहिल्यापेक्षा जास्त तापतो आहे, तरी एवढ्या युगांत पृथ्वीने आपला ताप आवाक्यात ठेवला. जंगल वाफ सोडतं, त्याचे ढग होतात, ढग सावली धरतात. पाण्यातलं शेवाळ आणि मातीतले जीव हवा सांभाळतात."

"आणि समुद्र?"

"समुद्राचंच घ्या. सगळ्या नद्या रोज त्यात क्षार नेऊन ओततात. मग तो दिवसेंदिवस खारट का होत नाही? कारण कुठे आखात आटतं, मिठाचे थर जमिनीखाली गाडले जातात. जेवढं येतं तेवढं कुठेतरी ठेवलं जातं."

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! बीएस्सीला हे असं कुणी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, "म्हणजे सगळं आपोआप जागेवर येतं."

"ना मामा, आपोआप नहीं!" पोरगी चिडलीच. "एवढे सगळे जीव मिळून करतात, तेव्हा होतं. आणि त्याला युगं लागतात."

पुढचं मी ऐकलंच नाही. मला हवा तेवढा शब्द मिळाला होता. दुसऱ्या दिवशी मिलमध्ये जेवणाच्या सुट्टीत मी सगळ्यांना ऐकवलं, की धरती स्वतःला सांभाळते, मोठमोठे शास्त्रज्ञ तसं म्हणतात. आमचे मॅनेजर खूश झाले. पुढे कुणी पाण्याबद्दल कुरकुर केली की तेच वाक्य ते माझ्या नावाने खपवू लागले. आजही बड्या बड्या सभांमधून सूटबूटवाल्यांच्या तोंडून ते ऐकलं की मला माझाच आवाज ऐकू येतो, आणि टीव्ही बंद करावासा वाटतो.

त्याच्या पुढच्या वर्षी कालवा दुरुस्तीसाठी बंद राहिला. ज्वारी वीतभर वर आलेली, आणि पाणी नाही. दाजींनी इंजिन आणलं, पाइप खाडीत टाकला, पण कळ दाबेनात. म्हणाले, "मास्टरला विचारल्याशिवाय नाही." लूमवर काम केलेला माणूस, त्याच्या लेखी मास्टर म्हणजे शिकलेला, मास्टर म्हणजे शेवटचा शब्द. मी रविवारी गेलो. छान कोवळं ऊन पडलं होतं. खिशातून पट्टी काढली, खाडीत बुडवली. हिरवी. सात. येणारच की सात, वर मीच तर आणत होतो! पाणीही नितळ, रंगाचा मागमूस नाही. धंद्याने मला दोनच गोष्टी बघायला शिकवलं होतं, रंग आणि सात. दोन्ही पास.

आक्काने आमच्या अहिराणीत विचारलं, "भाऊ, काही व्हवाव नही ना?"

"काही होत नाही. घाला बिनधास्त."

"तू सांगशी तसं करसूत," ती म्हणाली, आणि दाजींनी कळ दाबली.

आम्ल अधिक आम्लारी बरोबर क्षार अधिक पाणी. दहावीच्या पुस्तकातलं समीकरण आहे. पोरंसुद्धा घोकतात. कॉस्टिकमध्ये अ‍ॅसिड ओतलं की दोघांचा जहालपणा मरतो, पण दोघं जातात कुठे? क्षार होऊन त्याच पाण्यात राहतात. रंग नाही, वास नाही, पट्टीला कळत नाही. मी जितकं इमानेइतबारे सातवर आणत होतो, तितका क्षार खाडीत जात होता. मला हे ठाऊक नव्हतं का? होतं. ठाऊक असलेली गोष्ट आठवायची नाही ठरवलं की ती आठवत नाही, आणि बावीस वर्षं पगार घेणाऱ्या माणसाला हे चांगलं जमतं.

ज्वारी गुडघाभर झाली आणि थांबली. पानांची टोकं करपली. काळी माती वरून घट्ट बसली, पाणी दिलं की आत मुरेना, वरच तळं धरून राही. आक्काचा फोन आला, "भाऊ, हापशीना पानीमा डाळ शिजत नही रे. दोन तास व्हयनात."

मी हसलो. "जुनी व्हई डाळ," म्हटलं. "दुकान बदल."

तिने दुकान बदललं. मग डाळ रात्रभर भिजत घालून बघितली. मग सोडा टाकला. मग चहात दूध फाटू लागलं, तेव्हा तिने मला विचारणं सोडलं. खरं तर त्या चुलीने मला माझ्या पट्टीच्या आधी सांगितलं होतं. आयुष्यभर रोज डाळ शिजवणाऱ्या बाईला पाणी बदललेलं कळतं, आणि मी, बीएस्सी केमिस्ट्री, तिला दुकान बदलायला सांगतो! आजही ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

पोंकाचे दिवस आले. दाजींनी नेमाने भट्टी लावली. कणसं भाजून झोडली तर पोत्यातून निघाली नुसती टरफलं आणि मूठ-दीड मूठ बारीक दाणे. मोटारीतून आलेल्या बायका थोडा वेळ थांबल्या, कुजबुजल्या, गेल्या. दाजी राख उकरत बसून राहिले. त्या दिवसापासून ते पुन्हा लूमवरचे दाजी झाले. सरींच्या वरंब्यांवर मिठासारखं पांढरं फूल आलं होतं. हर्षाने बोटावर घेऊन जिभेला लावलं आणि माझ्याकडे वळली.

"मामा, पट्टीने क्षार कळत नाहीत. तुम्हाला माहीत नव्हतं?"

"ध्यानात नाही आलं गं," मी म्हणालो.

पुढची दोन वर्षं त्या शेतात दाजींनी काय नाही केलं! शेणखत घातलं, जिप्सम घातलं, पावसाचं पाणी अडवून माती धुऊन काढायचा प्रयत्न केला. हर्षा म्हणायची, होईल बरी माती, पण वेळ लागेल. माती बरी करायला गांडुळं लागतात, मुळं लागतात, पाऊस लागतो, आणि ते सगळं त्यांच्या चालीने चालतं. मालक कशाला थांबतोय! त्याने शेत विकलं. घेतलं कुणी? आमच्याच मिलने. आज तिथे आमचं दुसरं युनिट उभं आहे, आणि शेवटची दोन वर्षं मी त्याच जागेवर टेबल टाकून रंग जुळवले. शेवग्याचं झाड होतं तिथे बॉयलर आहे.

यंदा दिवाळीनंतरही पाऊस पडला. आंब्यांना नको तेव्हा मोहोर आला. थंडी आली ती पाहुण्यासारखी, दोन दिवस राहून निघाली. लोक म्हणतात, निसर्गाचा तोल गेला. मला नाही तसं वाटत. धरतीचा तोल जात नाही. ती तिचा तोल सांभाळतेच आहे. त्यात आपण राहू की गळून पडू, याच्याशी तिला देणंघेणं नाही. समुद्राचं मीठ ती सांभाळेल, पण आक्काच्या शेतातलं मीठ तिच्या हिशेबी आजचं नाही, युगांचं काम आहे. कुणाची युगं, दाजींची? हर्षा म्हणाली होती तेच खरं. आपोआप काही होत नाही. कुणीतरी सतत सोसत असतं, कुणीतरी पोटात घेत असतं, म्हणून वरून सगळं शांत दिसतं. आणि आपण ते शांत दिसणं बघतो, मान हलवतो, आणि व्हॉल्व्ह उघडतो.

आक्का आणि दाजी आता पर्वत पाटियाला एका खोलीत राहतात. दाजी कापड मार्केटात वॉचमन. आक्का घरी साड्यांना टिकल्या चिकटवते. हर्षा नोकरीला बडोद्याला गेली; माझा फोन उचलते, पण "केम छो मामा" पलीकडे जात नाही. आक्काने मात्र एकही राखी चुकवली नाही, एकही भाऊबीज नाही. मी धरून चाललो होतो, की तिला वाटतं भावाची पट्टी चुकली, नशीब खोटं. त्या खाडीत वरून कोण काय सोडत होतं, हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं. पाच वर्षं तिने माझ्या ताटात वाढलं, पाच वर्षं मी खाली मान घालून जेवलो. दर वेळी ठरवायचो, आज सांगू. आणि दर वेळी मूग गिळून उठायचो.

या महिन्यात मी निवृत्त झालो. मिलने सत्कार ठरवला, नव्या युनिटमध्ये. शाल, नारळ, आणि माझ्या हस्ते वृक्षारोपण. भिंतीवर हिरव्या रंगात लिहून घेतलं, धरती आपली आई आहे. रंग मीच जुळवून दिला. आक्काला कुठून तरी कळलं, आणि तिचा फोन, आवाजात नुसता आनंद, "मी येसू भाऊ! तुना सत्कार, आन मी नही येऊ?" ती त्या जागेवर येणार. तिच्या चुलीच्या जागेवर उभी राहून माझ्यासाठी टाळ्या वाजवणार. माझ्याने ते सोसवेना. रविवारी दुपारी जेवून तडक तिच्याकडे गेलो, येऊ नको म्हणून सांगायला.

ती खिडकीपाशी साडी पसरून बसली होती. बोटांना गोंद, समोर ताटलीत टिकल्या. मी बसलो आणि सगळं सांगून टाकलं. व्हॉल्व्ह, अ‍ॅसिड, ब्लीच. ते पाणी माझं होतं. मी बांधावर उभा राहून घाला म्हणालो तेव्हा त्यात काय आहे हे मला ठाऊक होतं. डाळीचा फोन आला तेव्हाही ठाऊक होतं. ती थांबली नाही, एकेक टिकली उचलून दाबत राहिली.

मग म्हणाली, "माले मालूम व्हतं."

मला वाटलं, ती पट्टीबद्दल बोलते आहे.

"पट्टी नही रे. बठ्ठं मालूम व्हतं." आणि तिने सगळंच सांगितलं. ज्वारी करपली तेव्हा दाजी एका सकाळी खाडीचा काठ धरून वर चालत निघाले होते. पाणी कुठून बिघडतंय ते बघायला. चालत चालत आमच्या मिलच्या मागच्या भिंतीपर्यंत आले. व्हॉल्व्ह उघडा होता, आणि शेजारी मी उभा होतो, हातात पट्टी धरून. दाजी पलीकडच्या काठावरून थोडा वेळ बघत राहिले आणि तसेच परत फिरले. घरी येऊन आक्काला सांगितलं, आणि वर म्हणाले, त्याला बोलू नको.

"मग तू बोलली का नाहीस?" मी जवळजवळ ओरडलोच. "शिव्या द्यायच्या होत्यास! दार बंद करायचं होतंस माझ्यासाठी!"

तिने पहिल्यांदा मान वर केली. डोळ्यांत राग होता. पाच वर्षांचा जुना, आटवून आटवून घट्ट केलेला राग, आणि तो मी इतकी वर्षं माया म्हणून जेवत होतो.

"माय गयी, बाप गया, गावनं घर गयं," ती म्हणाली. "आते तू एकलाच शे. तुले बी सोडी देती, ते मना माहेर कोठे ऱ्हातं?"

एवढंच. माफ केलं म्हणाली नाही, आणि मीही विचारलं नाही. दुसरं माहेर नव्हतं, म्हणून तिने मला ठेवलं होतं.

तेवढ्यात दाजी ड्यूटीवरून आले. काठी कोपऱ्यात ठेवली, टोपी काढली, आमच्या दोघांचे चेहरे बघितले. त्यांना काही ऐकू आलं नसणार, पण कळलं असावं. मग नेहमीसारखे आत गेले, विकतच्या पाण्याच्या जारखाली ग्लास धरला, भरला, आणि आणून माझ्या हातात दिला. या घरात आल्यापासून दर वेळी ते असंच करत आले होते. मी बसायच्या आत ग्लास पुढे. "घ्या मास्टर," ते म्हणाले, "उन्हातून आलात."